वाजलं नाही, म्हणजे एकच आहे

आमचे गुंडेटीसर कॉम्प्युटरवर काम करताना कॉम्प्युटरकडे बघत नाहीत. पंख्याकडे बघतात. हनुवटी वर, मान जराशी डावीकडे, आणि दोन्ही हात कीबोर्डवर असे चाललेले की वाटावं, समोर पेटी आहे आणि आता भजन सुरू होणार. ऑफिसात नवा माणूस आला की तोही आधी वर बघतो, पंख्यावर काही लिहिलंय का म्हणून. वर नुसती जळमटं आहेत. ती काढा म्हणून मी सांगून दमले, पण छताकडे बघायचं खातं गुंडेटीसरांचं, त्यामुळे बाकी कुणी तिकडे बघतच नाही.

ऑफिस म्हणजे आमची टॉवेलची फॅक्टरी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मी डिस्पॅचला. कुणाचा गठ्ठा कुठल्या गाडीत गेला, का गेला नाही, आणि गेला तर दुसऱ्याच्याच गावी कसा गेला, या सगळ्याच्या शिव्या माझ्या टेबलावर येतात. गुंडेटीसर कॉम्प्युटर विभाग सांभाळतात. विभाग म्हणजे ते स्वतः, एक टेबल आणि एक एसी. एसी माणसांसाठी नसून मशीनसाठी आहे, हे ते एप्रिल-मे महिन्यात, आपण घामानं थबथबलेले असताना, फार आस्थेनं समजावून सांगतात.

टॉवेलवर जी नावं, मोर, वेलबुट्ट्या विणून येतात ना, त्यांची डिझाइनं सरांच्या मशीनमध्ये असतात. तिथून सर हुकूम सोडतात आणि मागच्या शेडमधल्या मागांवर तेच विणलं जातं. हुकूम माउसनं सोडायचा नाही. माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये कोंडलाय, शेंगाचटणीच्या पुडीशेजारी. सर एक काळी खिडकी उघडतात, शेल म्हणतात तिला, आणि तिच्यात टाइप करतात. तेही पूर्ण नाही. नावाची पहिली चार अक्षरं टाकायची आणि टॅबचं बटण दाबायचं. त्या अक्षरांचं एकच नाव असेल तर मशीन ते पूर्ण करतं. दोन-तीन असतील तर थांबतं आणि वाजतं, टंग!

या टंगसाठी सरांनी कुठूनतरी एक स्पीकर पैदा केला होता. गणपतीच्या मिरवणुकीत शोभला असता. मी मुंबईच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलतेय, मागून टंग. पुन्हा टंग. एकदा त्या माणसानं फार भक्तिभावानं विचारलं, "मॅडम, तुमचं ऑफिस देवळात आहे का?"

मी सरांना म्हटलं, "सर, आवाज कमी करा की."

"कमी केला तर कळणार कसं, ताई? वाजलं तर थांबायचं. वाजलं नाही, म्हणजे एकच आहे, बिनधास्त पुढं जायचं. साधी शिस्त आहे."

सर माझ्यापेक्षा वयानं चांगले मोठे, तरी मला ताई म्हणतात. त्यानं मी गप्प बसेन असा त्यांचा अंदाज असावा. अंदाज साफ चुकलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाजतं तर वाजू दे, त्यात काय एवढं? हाच प्रश्न मी एकदा भोळेपणानं सरांना विचारला आणि माझी जेवणाची सुट्टी गेली. कारण सगळे शेल असे वाजत नाहीत! प्रत्येकाची टॅबची तऱ्हा वेगळी! आणि हे सांगताना सरांच्या आवाजात असं काही दुःख, की जणू भाऊबंदकीत यांची जमीन गेली.

"असं बघा ताई. हॉटेलात बसलो. वेटरला नुसतं 'म' म्हणालो. सभ्य वेटर काय करेल? थांबेल, विचारेल, 'मसाला डोसा की मेदूवडा?' हा झाला आपला बॅश, म्हणजे माझ्या मशीनवरचा शेल. आता दुसरा वेटर बघा. हा विंडोजवाला. विचारत नाही, सांगत नाही, पाटीवर जे पहिलं आहे ते आणून आदळतो. नको म्हणालो की उचलतो, दुसरं आदळतो. तिसरा तर मी तोंड उघडायच्या आत कानाला लागतो, 'मागच्या खेपेला डोसाच खाल्ला होता ना? तोच आणू?' अरे बाबा, मला विचारलं का? आणि एक आहे जुनाट. टॅब दाबला की तो नुसता चार पावलं बाजूला सरकून उभा राहतो."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही हॉटेलात पदार्थाचं पूर्ण नाव का घेत नाही?"

सरांनी खूप वेळ पंख्याकडे बघितलं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

"मला विचारलं का?" हे त्यांचं घोषवाक्य. चहावाल्यानं न विचारता साखर घातली, "मला विचारलं का त्यानं?" मोबाइलनं अर्धा शब्द बघून पुढचा सुचवला, "मला विचारलं का?" मागं ऑफिसात हाताखाली एक मुलगा घ्यायचा ठरला. पुण्याला शिकलेला, चुणचुणीत. सरांनी मुलाखतीत एकच प्रश्न टाकला, "टॅब दाबल्यावर काय होतं?" मुलगा म्हणाला, "सर, ते शेलवर अवलंबून आहे." उत्तर अगदी बरोबर. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "हाच तर रोग आहे!" आणि त्याला घरी पाठवलं.

मग त्यांनी मोहीमच काढली. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर बसून, सेटिंग बदलून, सगळ्यांना एका वळणावर आणायचं. उन्हाळाभर हेच. अकाउंटवाल्यांची मशीनं वाजायला लागली, स्टोअरचं वाजायला लागलं, माझं तर मी बघायच्या आत वाजायला लागलं. ऑफिसात बसून मला घरी गेल्यावरही भांडी पडल्याचे भास व्हायचे.

कानाचं हे वेड त्यांच्या घरातलंच आहे म्हणे. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. पूर्वी खाली माग, वर बिऱ्हाड. "धागा तुटला की आवाज बदलायचा, ताई. आमचे नाना वर जेवत असायचे. हातातला घास हातात, आणि तिथनंच ओरडायचे, कडेचा माग बघा रे! आम्ही पळत जायचो, तर तुटलेलाच असायचा." आमच्या शेडमधले फिटर चाळिशीच्या आत ठार बहिरे होतात, आणि यांचे नाना माडीवर बसून धागा ऐकायचे. असो. ज्याची त्याची पुण्याई.

सरांचे आणखी नखरे सांगू? स्कूटर विकून टाकली, कारण रस्त्यावर शिस्त राहिली नाही. आता बसनं येतात, आणि बसवरची पाटी न वाचता सगळ्या स्टॉपला विचारतात, "ही कुठली?" मोबाइलवर मेसेज आला की माझ्यापुढे धरतात, "वाचा ताई, तुमचा आवाज खणखणीत आहे." माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी इतक्यांदा पाडला की मी शेवटी बाटली आणली. मोठ्या विद्वान माणसांचं असंच असतं, पायाखालचं दिसत नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. लोकही हसायचे.

तर असं सगळं वाजतगाजत चाललेलं असताना मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला. छोटे मालक. पुण्यात शिकून आलेले, स्वभावानं चांगले, पण प्रत्येक वाक्यात 'स्मार्ट' हा शब्द आला नाही तर त्यांना वाक्य उपाशी राहिल्यासारखं वाटतं. त्यांनी सरांचं जुनं मशीन काढलं आणि नवं आणलं. शेलही नवा.

"सर, हा स्मार्ट आहे. टॅब दाबला की थांबत नाही, स्वतःच पहिलं नाव भरून टाकतो. टाइम वाचतो. आणि सेटिंगला हात लावायचा नाही, ते पुण्याच्या कंपनीनं लॉक केलंय. साउंडही बंद. आपल्याकडे क्लायंट येतात."

सरांचा चेहरा पडला. "वाजणारच नाही?"

"नाही."

"मग मला कळणार कसं?"

"स्क्रीनवर दिसतं की, सर. एवढं ढळढळीत."

सर एरवी यावर अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी ते स्पीकरची वायर गुंडाळायला लागले. छोटे मालक जाताजाता हसत म्हणाले, की पुण्याची कंपनी सगळं तिथूनच बघायला तयार आहे, जमत नसेल तर सरांनी आता घरी आराम करावा. हसत म्हणाले, पण म्हणाले. आता एखादी चूक झाली की खुर्ची गेलीच, हे सगळ्या ऑफिसला कळलं. मी मात्र शांतता पसरली म्हणून मनातल्या मनात छोट्या मालकांना उदंड आयुष्य चिंतलं.

शांतता टेंभुर्णीच्या फोनपर्यंत टिकली.

टेंभुर्णीचे बापू म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक आहेत, ऊस आहे, माणूस दिलदार. मुलीचं लग्न ठरलेलं. आहेराला टॉवेल-टोपी द्यायची, तर टॉवेल नुसता नको, त्यावर नवरानवरीचं नाव आणि 'शुभविवाह' विणून हवं. सरांनी हुकूम सोडला, मागांनी विणलं, पोरींनी घड्या घालून बांधलं, मी गाडी लावली. घड्या उलट्या बाजूनं होत्या, कुणी उलगडून बघितलं नाही.

"ताई," बापूंचा आवाज फोनमधून बाहेर येऊन टेबलावर उभा राहिला, "आमच्या हितं लग्न हाय का श्राद्ध?"

"लग्न की, बापू!"

"मंग ह्ये काय धाडलंय तुमी? सगळ्या टॉवेलवर आमचा आबा हाय! कैलासवासी, प्रथम पुण्यस्मरण! पावनं टॉवेल खांद्यावर टाकून जेवायला बसणार व्हय आता?"

झालं होतं ते एवढंच. बापूंचे वडील, आबा, वर्षापूर्वी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाचे टॉवेलही आम्हीच दिले होते. ते डिझाइन मशीनमध्ये तसंच पडून. नावं इंग्रजी अक्षरांत, टेंभुर्णी-आबा आणि टेंभुर्णी-लग्न. सरांनी नेहमीसारखी टेंभुर्णीची अक्षरं टाकली, टॅब दाबला आणि ऐकलं. जुन्या शेलमध्ये दोन नावं असती तर वाजलं असतं. नवा शेल स्मार्ट! त्यानं वर्णमालेत पहिले आलेले आबा आणून आदळले आणि तोंडातून ब्र काढला नाही. वाजलं नाही, म्हणजे एकच आहे. सरांनी बिनधास्त एंटर मारला.

छोटे मालक बाहेर आले, माझ्याकडून सगळं ऐकलं आणि सरांना एवढंच म्हणाले, "सर, समोर लिहिलेलं दिसत होतं ना? मग?"

"त्यानं मला विचारलं का?" सर पंख्याला म्हणाले.

"ठीक आहे," छोटे मालक म्हणाले. "मी पुण्याला फोन लावतो." आणि केबिनमध्ये गेले.

माझा मात्र भडका उडाला. शिव्या मी खाल्लेल्या, लग्न आठवड्यावर, परत गेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा हातापाया पडून बोलवायचं मीच, आणि हे पंख्याशी गप्पा मारतायत! गोदामात जास्तीचा एक टॉवेल होता, तो आणून मी सरांच्या टेबलावर आपटला. "वाचा! काय लिहिलंय ते वाचा एकदा स्वतःच्या तोंडानं!"

सरांनी टॉवेल चाचपला. टेबलावर पसरला, हातानं सारखा केला. मग उजव्या हाताचं बोट काठावर ठेवलं आणि हळूहळू पुढे सरकवत नेलं. विणलेली अक्षरं जरा वर आलेली असतात. बोट त्यावरून चढलं, उतरलं, परत मागे आलं. "कै," सर म्हणाले. थांबले. बोट पुढे गेलं. "आ... बा..."

ती अक्षरं माझ्या पंजाएवढी होती. पांढऱ्यावर निळी. दारातल्या वॉचमनला वाचता आली असती.

राग कुठल्या कुठे गेला. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच विचारलं, "सर, दिसत नाही तुम्हाला?"

"कडेनं दिसतं," सर म्हणाले. अगदी सहज. "मधोमध काळं आहे. जिकडे सरळ बघावं तेच नेमकं जातं. पंख्याकडे बघितलं की खाली स्क्रीनचा उजेड तेवढा कळतो. अक्षर नाही कळत. शुगरनं झालंय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं येत नाही."

"कधीपासून?"

"मिसेस गेल्या ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून."

त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस नुसत्या कानावर फॅक्टरी चालवत होता, आणि आम्ही त्याला नखरे म्हणत होतो.

"अहो, मग सांगायचं नाही का?" माझा आवाज नको तेवढा चढला.

"कुणाला?"

चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं. मग बोट टॉवेलवरून न उचलता म्हणाले, "असली गोष्ट माणूस आधी घरी सांगतो, ताई. घरी सांगितली, चार दिवस रडून झालं, की मग बाहेर सांगायचा धीर होतो. माझं घरी सांगायचंच राहिलं की. खालचे माग विकले, वर मी एकटा. दार लावलं की घरात काही म्हणजे काही वाजत नाही. इथली खुर्ची गेली तर मी दिवसभर तिथं बसून काय ऐकू?"

मी पदर नाकाला लावला, सर्दीचं नाव पुढे केलं आणि म्हटलं, "उठा. केबिनमध्ये जाऊन छोट्या मालकांना सांगा. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"ते काढतील मला."

"काढायला निघालेतच की! मग खरं कारण सांगून तरी जा. मशीनला नावं ठेवत कशाला जाताय?"

सर उठले. मी हात धरायला गेले, तर म्हणाले, "सोडा, कडेनं दिसतंय," आणि कचऱ्याच्या बादलीला धडकून केबिनमध्ये गेले.

केबिन काचेची आहे. ऐकू येत नाही, दिसतं. सर बोलत होते, मान डावीकडे करून, बहुतेक भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून. छोट्या मालकांनी कानाचा फोन खाली ठेवला. मग छोटे मालक उठले, फिरून सरांच्या बाजूला आले आणि सर ज्या कडेनं बघतात त्या कडेला खुर्ची घेऊन बसले. पोरगं स्मार्ट म्हणून नाही, पण चांगलं आहे, असं मी त्या दिवसापासून म्हणते.

बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला. पुणं रद्द. जुना शेल परत घालायचा, आवाज सुरू करायचा. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, सरांनी हुकूम सोडायच्या आधी दुसऱ्या माणसानं स्क्रीन मोठ्यानं वाचायची. "मॅडम वाचतील. त्यांचं टेबल इकडे सरकवा."

मला कुणी विचारलं का? नाही. टेबल मात्र सरकलं.

मी बापूंना फोन लावला, माफी मागितली, लग्नाआधी बरोबर माल पोचवते म्हणून शब्द दिला. बापू शांत झाले होते. म्हणाले, "ताई, ह्ये सगळं न्या परत, पर थोडं टॉवेल राहू द्या. आमची म्हातारी सोडंना झालीया. म्हणती, नातीच्या लग्नाला आबाचं नाव तरी आलं. कवाधरनं मांडीवर घिऊन बसलीया." मी म्हटलं राहू द्या. त्यावर आणखी काय म्हणणार?

मग सर मशीनपुढे बसले. मी शेजारी. त्यांनी टेंभुर्णीची अक्षरं टाकली आणि टॅब दाबला.

"काय आलं?"

"टेंभुर्णी-आबा."

पुन्हा टॅब. "आता?"

"टेंभुर्णी-लग्न."

"नक्की?"

"नक्की, सर. शुभविवाहवालं."

त्यांनी एंटर मारला. थोड्या वेळानं मागच्या शेडमधून माग सुरू झाल्याचा खडखडाट आला. सरांनी कान देऊन ऐकलं, सगळे नीट चालतायत म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

सुटीची घंटा झाली. लोक डबे आवरून निघाले. आमच्याकडे त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं, ते भरायला घरी दुसरं कुणी नव्हतं. मी पर्स उचलली.

"ताई, स्क्रीनवर अजून काय लिहिलंय?"

"काही नाही, सर. आत्ता सोडलेला हुकूम, तारीख, वेळ. त्याच्यावर जुनंच काहीबाही. कामाचं नाही काही."

"असू दे की," सर म्हणाले. "वाचा."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी पर्स खाली ठेवली आणि अगदी वरच्या ओळीपासून वाचायला लागले.